दोन रिळं आणि उमाकाकूंची स्कूटर

या, असे पुढं सरकून बसा. भिंतीला टेकू नका, टेकलं की डोळा लागतो आणि गोष्ट निम्मीच पदरात पडते. आज दोन रिळांची हकीकत सांगायची आहे. हसाल तर खरंच, पण मधे कुठंतरी नकळत हात जोडले जातील, एवढा शब्द देऊन ठेवतो.

गारखेड्यात दत्तोपंतांच्या अंगणात त्या संध्याकाळी वाद पेटला होता. वादी दोघं. एक वरच्या मजल्यावर राहणारा पंतांचा पुतण्या देवेश, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा. दुसरा त्याचा मित्र रामकिसन, फुलंब्रीकडचा, घरची शेती सांभाळून वाळूजच्या कारखान्यात मशीनवर काम करणारा. दोघांना गळ टाकायचा नाद. रविवार उजाडला की नाथसागर धरणाच्या काठी जायचं, मासा धरायचा, त्याच्याबरोबर फोटो काढायचा आणि त्याला परत पाण्यात सोडून द्यायचं. "सोडायचाच होता तर धरला कशाला?" असं पंत दर वेळी विचारायचे.

यंदा दोघांनीही गळाच्या काठीला लावायचं, दोरा गुंडाळायचं भारीतलं रीळ घेतलं होतं. दोन्ही जपानचीच, पण एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या कंपन्यांची. नावं घेत नाही, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. रामकिसनचं काळं, देवेशचं चंदेरी.

"बेअरिंगं बघ की जरा," रामकिसन म्हणाला. "समुद्रात बुडवलं तरी गंज नाय धरायचं."

"फुलंब्रीत समुद्र कधी आला रे? माझं धर हातात. फुलासारखं हलकं आहे. मॅग्नेशियम बॉडी!"

"हलकं म्हंजी दम नाय त्यात."

"दम काढू का तुझा?"

शेवटी दोघं पंतांसमोर येऊन उभे राहिले. "काका, तुमचा कान पाहिजे."

कान मागायलाही कारण होतं. आयुष्यभर कीर्तनात पहिल्या ओळीत बसून पंतांचा कान असा तयार झाला होता की पेटीचा सूर जरा हलला तरी बुवांच्या आधी पंतांच्या कपाळाला आठी पडायची.

"मी?" पंतांनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. "मी मासेमारीच्या वस्तूला शिवू?"

"गळ काढून ठेवलाय, काका. नुसती मूठ फिरवायची. कोणाचा आवाज येतो, एवढंच सांगा."

पंतांनी नाइलाजानं काळ्या रिळाची मूठ धरली, हलकेच फिरवली आणि थबकले. पुन्हा फिरवली. रीळ कानाशी नेलं. मग चंदेरी घेतलं, तेही फिरवलं. एवढी चाकं, एवढे दाते आत एकमेकांत गुंतलेले, आणि कुणाचं कुणाला घासत नव्हतं. आवाज म्हणून नव्हताच. बुवा अभंग थांबवून क्षणभर डोळे मिटतात तेव्हा मंडपात जी शांतता पसरते, ती कुणीतरी मुठीएवढ्या डबीत बंद करून ठेवल्यासारखी वाटली. पंतांच्या अंगावर काटा आला.

"माणसानं केलंय हे?" ते पुटपुटले.

"कोणतं भारी, ते सांगा ना!"

"अरे, दोन्हीकडे काहीच ऐकू येत नाही. त्यात कमी-जास्त काय सांगू?"

"मंग ड्रॅग बघावा लागंल," रामकिसन म्हणाला. "मासा जोरात पळाला का दोरा तुटू नाय म्हणून आतली चकती सैल सुटती. ती किती मऊ सुटती, तिथं रिळाची खरी जात कळती. पण त्याला पळणारा मासा लागतो."

"या अंगणात मासा येणार नाही. चित्रातलासुद्धा!" पंतांनी बजावलं.

बराच खल झाला आणि मासा म्हणून फाटकाबाहेर उभी असलेली पंतांच्या बायकोची, उमाकाकूंची विजेवरची स्कूटर ठरली. तिच्या मागच्या दांडीला दोन्ही दोरे पक्के बांधले. पंत दोन हातांत दोन काठ्या धरून पायरीवर बसले. देवेशनं स्कूटर हळूहळू ढकलायची आणि पंतांनी ऐकायचं, असा बेत झाला. तेवढ्यात दोन्ही रिळांचा ताण सारखा हवा, असं देवेशला सुचलं आणि वजनकाटा शोधायला दोघं वर गेले. पंतांनी कान एकाग्र व्हावा म्हणून डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळानं दोरा सुटू लागला. काय ते सुटणं! दोन्ही रिळांतून अशी बारीक, अखंड कुजबुज येत होती की दूर कुणीतरी नामजप करत असावं. पंतांची मान डोलू लागली. "वा! देवेशा, असाच जा, थांबू नकोस!"

"काका," पाठीमागून देवेशचा आवाज आला, "मी इथंच आहे."

पंतांनी डोळे उघडले. फाटकापुढं स्कूटर नव्हती. डोक्यावर हेल्मेट चढवून, हाराची पिशवी घेऊन उमाकाकू मागच्या दारानं कीर्तनाला निघाल्या होत्या आणि गल्लीच्या टोकाला वळत होत्या. विजेच्या गाडीचा आवाज नाही, रिळांची नुसती कुजबुज.

"उमा! अगं उमा!"

हेल्मेटमधून काय ऐकू जाणार? देवेशनं फोन लावला, तो स्वयंपाकघरात ओट्यावर वाजला.

"कापून टाका दोरा!" पंत ओरडले.

"अजाबात नाय!" रामकिसननं त्यांचा हात धरला. "तुटका दोरा रस्त्यावर लोळंल, कोणाच्या चाकात नाय तर गळ्यात जाईल. मांजासारखंच हाय ते."

"मग आवळून धरू?"

"काकू पडतील!"

"आणि रिळावरचा सगळा दोरा संपला तर?"

हिसका बसला असता आणि काकू पाठीवर आल्या असत्या. पंत उठले आणि पळत सुटले.

गारखेड्यानं असं दृश्य पाहिलं नव्हतं. धोतराचा सोगा खोचलेले पंत, दोन हातांत दोन काठ्या समोर रोखून धावताहेत. रथाचे लगाम हातात आणि रथ कुठं दिसतच नाही असा सारथी! दोरा केसाएवढा, तोही कुणाला दिसेना. डावीकडून देवेश आणि उजवीकडून रामकिसन आपापल्या रिळाची कळ सैल करत सोबत पळताहेत.

"पंत, मासं रस्त्यावर कधीपासून गावायला लागले हो?" भाजीच्या गाडीवरची दगडाबाई ओरडली.

"मासा नाही, घरचीच आहे!" पंत धापा टाकत म्हणाले.

काकू गतिरोधकापाशी हळू झाल्या की दोरा ढिला पडे आणि पंत धावता धावता दोघांना आपापल्या रिळाची मूठ फिरवायला सांगत. त्या पुढं गेल्या की रिळं पुन्हा मऊ सुटत. ना हिसका, ना झटका. छाती फुटायची वेळ आली होती, तरी पंतांच्या मनात एकच विचार होता : देवा, हे ज्यानं घडवलं त्याचे हात सुखी ठेव आणि माझी उमा सरळ बसलेली राहू दे.

देवळापाशी काकू थांबल्या, उतरल्या, हेल्मेट काढलं आणि मागं वळल्या. समोर नवरा, घामानं निथळलेला, माळ खांद्यावर गेलेली, दोन्ही काठ्यांची टोकं त्यांच्यावर रोखलेली. देवळाच्या ओट्यावर बुवा फेटा बांधता बांधता थांबले. सगळी भजनी मंडळी माना वळवून बघू लागली.

"हे काय हातात?"

पंतांनी धापा टाकत सगळं सांगितलं. काकूंनी दांडीला बांधलेले दोरे बोटानं चाचपले. "म्हणजे घरापासून इथवर मी गळाला होते?"

"गळ काढला होता गं!"

काकू कडाडणार, तोच रामकिसननं दोन्ही हात जोडले. "काकू, रागावा, मारा. पण आधी एवढं सांगा, ओढ कोणत्या बाजूनं लागली? डाव्या का उजव्या?"

"हां काकू," देवेशही पुढं झाला. "मासा काही सांगत नाही. सांगू शकणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

काकू कडाडायच्या थांबल्या. आजवर कुणी त्यांना इतक्या अदबीनं मत विचारलं नव्हतं. त्या दांडीकडं बघत उभ्या राहिल्या.

"कोणत्याच बाजूनं नाही रे," त्या हळूच म्हणाल्या. "मला तर गाडीला काही बांधलंय हेच कळलं नाही. पण चौकात वळताना, तिथं मला नेहमी भीती वाटते बघ, आज वाटली नाही. कुणीतरी मागं आहे, अलगद धरून, असं वाटलं. मी म्हटलं, पांडुरंगच असेल."

बुवांनी हात जोडले. मंडळींनीही जोडले. पंतांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ते खरं, काकू," रामकिसन घसा खाकरत म्हणाला, "पण चौकात वळताना... काळं व्हतं का चंदेरी?"

"ठरायचंय अजून," काकू म्हणाल्या आणि हाराची पिशवी पंतांच्या खांद्याला अडकवली. "उद्या भाजीला जायचंय. तेव्हा परत बांधा."

तर मंडळी, तो निकाल अजून लागलेला नाही. गारखेड्यात एखादी बाई स्कूटरवरून निर्धास्त वळताना दिसली, तर मागून हॉर्न वाजवू नका. दोन हातांत दोन काठ्या धरून कुठंतरी धावत असलेल्या दत्तोपंतांची तेवढी आठवण असू द्या.