दिग्रसच्या पापडांची घाऊक चौकी

श्री जगदंबा प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, फाल्गुन मासी, कसबे दिग्रस येथे अखंडलक्ष्मीअलंकृत वाळवणकुलभूषण इंदूबाईसाहेब यांचे खातरेस आले जे, धाकटी सून निशिगंधा इचे वर्तन बरे नव्हे. यवतमाळाहून संगणकविद्या शिकोन आली, घरचे वाळवणाचे दुकान मोबाइलांत मांडिले, पापड-कुरडयांच्या तसबिरा ऐशा लाविल्या की पाहणाराचे तोंडास पाणी सुटावे. आणि शंभरावर नग मागणाराचा घाऊकीचा फॉर्म मात्र अटी-शर्तींचे खाली, पानाचे पार तळाशी, मुंगीचे अक्षरांत पुरला. लगीनसराई तोंडावर. नवऱ्या मुलींचे रुखवताची मागणी याच फॉर्मावरून यावयाची, त्याजवर बावीस बायांची लाटणी चालावयाची. आणि पंधरा दिवसांत एक फॉर्म भरोन आला नाही. बाया म्हणो लागल्या जे, सोमवारपावेतो पाहतो, मग वीटभट्टी धरितो.

मग बाईसाहेबांनी अंगणात बाजेवर दरबार भरविला. थोरले चिरंजीव भगवानराव यांनी मसलत दिली की फॉर्म ऐन दरवाजावर उभा करावा. तैसे केले. मग जो गिऱ्हाईक दुकान उघडी त्याचे छातीवर फॉर्म चालोन जाई, आणि गिऱ्हाईक माल न पाहतां माघारा पळे. बाईसाहेब क्रोधायमान होऊन हुकूम फर्माविते जाहल्या की, पाण्याचा गिलास देण्याआधी पाहुण्यास किती पोळ्या खाशील पुसावे, ही रीत आमचे घराण्याची नव्हे. फॉर्म तेथून हटवावा. फॉर्म पुनश्च तळास गेला.

इतक्यात आर्णीहून बाईसाहेबांचे चुलतबंधू सदाशिवराव कन्येचे लग्नाची पत्रिका घेऊन दाखल जाहले. बाईसाहेबांनी त्यांस बाजेवर बसवून आज्ञा केली की, रुखवताचे पाचशे पापड मोबाइलावरूनच घ्यावे, आणि कोणी मधे तोंड घालूं नये. राव तळास गेले नाहीत. दरवाजाही त्यांनी निरखिला नाही. थेट पापडावर गेले, किंमत पाहिली, आणि किमतीशेजारी अधिकाचे चिन्ह होते तेथे अंगठ्याने मोर्चा लाविला. एक टिचकी, एक पापड. चहा आला, चहा निवाला, वर साय धरली, राव दाबीतच होते. एकशे त्रेचाळिसावर बोट घसरले, दुकान मिटले, आणि सारी फौज शून्यावर आली.

"अवं इंदूताई, अंगठा गेला ना माहा!" राव कळवळले. "पाचशे पापडाले पाचशे टिचक्या मारू काय?"

बाईसाहेबांस चार इयत्तांपलीकडे शाळा ठाऊक नाही, परंतु नजर घारीची. लढाई कोठे अडते ते त्यांनी हेरिले, आणि तत्क्षणी फर्मान सुटले जे, घाऊकीचे फॉर्माची चौकी अधिकाचे चिन्हाखालीच बसवावी, वर ठळक लिहावे: लग्नाकार्याले शंभरावर पायजे? इथं भरा. निशिगंधेने मान खाली घालोन घटकेत चौकी हलविली. मग राव डाव्या अंगठ्याने फॉर्म भरिते जाहले, तो पहिला. आणि दिवेलागणीपावेतो पुसदेहून दोन, दारव्ह्याहून एक ऐसे दाखल जाहले, आणि बायांस निरोप गेला की वीटभट्टी राहू द्यावी, पोळपाट घेऊन सकाळी यावे.

येणेप्रमाणे घाऊकीची मोहीम फाल्गुन वद्य पंचमीस फत्ते जाहली, हे लिहोन ठेविले असे.

त्यावर बाईसाहेब सुनेस भर अंगणात बोलिल्या, "दुकान झ्याक मांडलं वं पोरी, पन मांडून झाल्यावर एकडाव तूच पाचशे पापड घेऊन पाह्यले असते, तं मामाजीचा अंगठा वाचला असता. जाय, तेल कोमट करून आन!"