पोकळीतला कॉर्ड

बायको चहा घेऊन खोलीत आली तेव्हा नवरा मांडीवर गिटार घेऊन भिंतीकडे बघत बसला होता. वाजवत नव्हता. नुसताच बसला होता.

"चहा," ती म्हणाली.

त्याची नजर भिंतीवरून हलली नाही.

"अहो, चहा!"

नवऱ्यानं तिच्याकडे न बघता एक बोट वर केलं. ती थांबली. चहावर साय धरली तरी बोट वरच होतं. मग ती कप तिथंच ठेवून बाहेर गेली आणि तिनं भावाला फोन लावला.

नवरा एका बिग बँडमध्ये तीस वर्षं गिटार वाजवत होता. बँडमधले लोक त्याला चारठोके म्हणत, कारण त्याचं कामच तेवढं होतं. स्विंग नावाच्या जुन्या अमेरिकन नाचाच्या संगीतावर लोक नाचायला यायचे. पुढे सॅक्सोफोनवाले, मागे ट्रॉम्बोन आणि ट्रम्पेट, सगळे एकजात गाल फुगवून उभे, आणि त्यांच्या कोपरांच्या आड बसून चारठोके साध्या, विजेची तार नसलेल्या गिटारवर एकामागून एक चार ठोके द्यायचा. गाणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत, एकही न चुकवता. जुन्या बँडमास्तरांचा नियम होता की गिटार ऐकू आली तर गिटारवाल्याचं चुकलं. तीस वर्षांत त्याचं एकदाही चुकलं नव्हतं.

त्यामुळे प्रत्येक कार्यक्रमाहून परतताना बायको विचारायची, "तुम्ही वाजवत होतात ना?"

"हो."

"बरं."

या 'बरं'नं त्याच्या काळजाला जी घरं पडायची ती त्यानं कधी कुणाला दाखवली नाहीत.

गेल्या हिवाळ्यात आधी म्हातारा ड्रमवाला वारला, मग बँडमास्तर. नाचणाऱ्यांचे गुडघे त्याआधीच गेले होते. बँडवर नव्या बाई आल्या. बाई तरुण होत्या, हळू बोलायच्या आणि आधुनिक बिग बँडचं संगीत स्वतः लिहायच्या. ड्रमवरचा नवा पोरगा सोडला तर माणसं तीच, वाद्यं तीच, पण या संगीतावर कुणी नाचू शकत नसे. पाच मात्रा चालत, मग सात, मग मध्येच सगळे थबकत आणि एकटा ट्रम्पेट कुणीतरी सोडून गेल्यासारखा रडे. श्रोते डोकं धरून ऐकत, आणि तेच बरोबर समजलं जाई.

"गिटार सतत कशाला हवी?" बाई पहिल्याच तालमीत म्हणाल्या. "सतत वाजणारी गोष्ट ऐकूच येत नाही."

चारठोकेला हुंदका आला. त्याचं आयुष्यभराचं दुःख या परक्या बाईनं एका वाक्यात सांगितलं होतं.

बाईंच्या नव्या रचनेचं नाव होतं 'पोकळी'. तिच्या शेवटी सगळा बँड एकदम थांबणार, सभागृहात चिडीचूप होणार आणि त्या शांततेत सगळ्या तारा एकदम छेडून गिटारचा एकच कॉर्ड वाजणार. एकटा. त्या संध्याकाळी घरी येऊन त्यानं जाहीर केलं, "या वेळी मी तुला ऐकू येणार आहे."

"खरंच? किती वेळ?"

"तू ये तर खरी."

एकच कॉर्ड आहे हे काही त्याच्या तोंडून निघालं नाही.

अडचण अशी की त्या कॉर्डपर्यंत त्याला वाजवायला काहीच नव्हतं. नुसतं मोजत बसायचं. इतकी वर्षं ताल त्याच्या हातात होता, हात थांबला की ताल गेला. एका तालमीत त्यानं कॉर्ड लवकर वाजवला, तो ट्रॉम्बोनच्या खाली चिरडला. दुसऱ्या तालमीत वाजवला तेव्हा लोक वाद्यांच्या पेट्या बंद करत होते.

"पुन्हा असं झालं तर कॉर्ड पियानोला देईन," बाई खिन्नपणे म्हणाल्या.

म्हणून तो घरी गप्प बसण्याचा सराव करत होता. बोललं की मोजणी मोडे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे.

मेहुणा आला. तो विमा कंपनीत नोकरी करून निवृत्त झाला होता, आणि माणूस कधी जाणार हे आपल्याला चेहऱ्यावरून कळतं असा त्याचा ठाम समज होता. त्यानं चारठोकेच्या डोळ्यांपुढं हात हलवून पाहिला, तोंडाजवळ कान नेला आणि गंभीर चेहऱ्यानं स्वयंपाकघरात आला.

"ताई, ओठ हलतायत."

"काय म्हणतायत?"

"पाच, सहा, सात, एक, दोन."

"सातनंतर एक?"

"तेच तर! माणसाला सातच्या पुढचं आठवेनासं झालंय."

ती खुर्चीत मटकन बसली. मेहुण्यानं ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, प्रत्यक्ष तपासल्याशिवाय काही सांगता येणार नाही, पण तोवर एकटं सोडू नका, आणि अशी तंद्री लागली की हात धरून हळूच बोलतं करा.

मोजणी आटोपून चारठोके बाहेर आला तेव्हा घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं आणि ताटात मऊ भात होता.

"कुणी गेलं का?" त्यानं विचारलं.

"नाही, अजून नाही," मेहुणा म्हणाला.

कार्यक्रमाला बायको नव्या चपला घालून पहिल्या रांगेत बसली. शेजारी मेहुणा होता. 'पोकळी' सुरू झाली. दोन सॅक्सोफोन एकमेकांना न जुमानता वेगवेगळ्या दिशांना निघून गेले, आणि ड्रमवर बसलेला तरुण काठ्या बाजूला ठेवून नुसता ब्रश फिरवत राहिला.

"ताई," मेहुणा कुजबुजला, "हे सगळेच आजारी आहेत."

मागे चारठोके मोजत होता. आज त्याची मोजणी बिनचूक चालली होती. पाच संपले, सात आले, ट्रम्पेट रडून गप्प झाला आणि बँड थांबला. टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. बायकोनं श्वास रोखून कान पुढे केले. चारठोकेनं हात उचलला. डोळे शून्यात, ओठ हलते, चेहरा अगदी भिंतीकडे बघतानाचा.

मेहुण्याला तेवढाच चेहरा दिसला. तो ताडकन उठला, तीन उड्यांत रंगमंचावर चढला आणि त्यानं तो उचललेला हात घट्ट धरला.

"मी आलोय, भाऊजी! आठ! सातच्या पुढे आठ म्हणा!"

सगळ्या सभागृहाला ते स्पष्ट ऐकू गेलं. चारठोके हात सोडवायला धडपडला, पण विम्याच्या माणसाची पकड ती. बाईंचा हात सावकाश खाली आला. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की जुन्या बँडला नाचणाऱ्यांकडूनही तो कधी मिळाला नव्हता.

पडद्यामागे बाईंचे डोळे पाणावले होते. "शेवट मला सापडतच नव्हता," त्या म्हणाल्या. "कॉर्ड हीच चूक होती. तो येणार येणार म्हणताना कुणीतरी हात धरतं. यापुढे असंच करायचं." मग त्या मेहुण्याकडे वळल्या. "पुढच्या महिन्यात तुम्ही मोकळे आहात का?"

"मंगळवार सोडून," मेहुणा म्हणाला.

परतताना बायकोनं नेहमीचा प्रश्न विचारला नाही. चारठोकेला तिचं ते न विचारणंच जास्त लागलं.

सकाळी स्वयंपाकघरात त्यानं सगळं कबूल केलं. मोजणी, सात मात्रा, पियानोची धमकी, सगळं.

"म्हणजे एकच कॉर्ड होता?"

"एकच."

"वाजवा बघू."

त्यानं वाजवला. ती ओला कप हातात धरून ऐकत राहिली. आवाज विरला तरी ती ऐकतच होती.

"पुढे?"

"पुढे काही नाही."

"एवढ्यासाठी मी चपला घेतल्या?"

त्यानं मान खाली घातली, आणि काय करावं ते न सुचून त्याचा हात आपला आपण जुने चार ठोके देऊ लागला. हळू, एकसारखे, कुणाला त्रास होऊ नये असे.

कप विसळता विसळता ती थांबली.

"हे काय वाजवताय?"

"हेच वाजवायचो मी. तीस वर्षं."

"हे तुम्ही?"

"मग कोण?"

"अहो, हे मला यायचं की ऐकू! प्रत्येक वेळी यायचं. यामुळेच तर मला खुर्चीत बसवायचं नाही." तिनं कप खाली ठेवला. "मला वाटायचं, तुमचा तो म्हातारा ड्रमवाला वाजवतोय."

त्याचा हात थांबला.

"मी त्याला सांगितलंही होतं एकदा," ती चाचरत म्हणाली. "म्हटलं, फार छान वाजवता. स्वेटरही विणून दिला होता."

"तो काय म्हणाला?"

"थँक्यू म्हणाला."

तो स्वेटर चारठोकेनं पाहिला होता. ड्रमवाला वारला तेव्हा स्वेटर अंगात तसाच ठेवून त्याला स्मशानात पोचवलं होतं, आणि एवढं सुबक कुणी विणलं असेल, कुणाचा तरी याच्यावर जीव असणार, असं त्या दिवशी चारठोकेच्या मनात येऊन गेलं होतं.

"निळा होता," तो म्हणाला.

"तुम्हाला बाह्या लांब झाल्या असत्या," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून तोच कप पुन्हा विसळू लागली.