माशांचं बारसं

बाळांनो, एका जंगलाला स्वतःचा समुद्र होता. झाडं संपली की वाळू, वाळू संपली की लाटा. जंगलाला समुद्र कशाला लागतो, असं विचारू नका. ज्यांच्याकडे असतो ते कधी विचारत नाहीत.

त्या वाळूवर एक मंडळ होतं. लाटकाठ गळप्रेमी व मत्स्यसंवर्धक मंडळ. नाव लांब होतं, कारण सभासदांना वेळ भरपूर होता. सकाळी पोटभर चरून झालं की सगळे लाटांसमोर रांगेत उभे राहायचे. काठीला दोर, दोराला गळ, गळाला आमिष. फेकला गळ की बसायचं लाटा बघत.

गवासाहेब अध्यक्ष होते, सांबरबाई उपाध्यक्ष आणि ससेभाऊ चिटणीस. खुरांनी काठी कशी धरतात, हेही विचारू नका. हौस असली की खूर वळतात.

आता गव्याला गवत लागतं. सांबराला पाला लागतो. सशाला कोवळे कोंब लागतात. मासा यांच्यापैकी कुणालाच लागत नव्हता. म्हणून तर त्यांना माशांविषयी इतकं प्रेम वाटू शकत होतं.

मासा लागायचा तो कालिंदीला.

कालिंदी ही पाणमांजरी. कड्याखालच्या कपारीत राहायची. तिला दोन पिल्लं होती, थोरला बुडबुड्या आणि धाकटी थेंबी. पहिलंच बाळंतपण, तेही जुळ्यांचं. थेंबी शिंकली की कालिंदी घाबरायची. नाही शिंकली की वाटायचं, हिचं नाक तर चोंदलं नाही ना? आईने सांगितलेलं सगळं तिने जुनाट म्हणून सोडून दिलं होतं. नवं काय ते तिला कुणी धड सांगितलं नव्हतं. मग रात्रंदिवस एकच विचार, आपलं काही चुकत तर नाही?

एक गोष्ट मात्र तिला पक्की ठाऊक होती. पावसाळ्यात समुद्र खवळायच्या आत दोन्ही पिलांना आपला मासा आपण धरता आला पाहिजे. ज्या पिलाला येत नाही, ते पाणमांजराचं पिल्लू पुढचा हिवाळा बघत नाही.

म्हणून एका सकाळी ती पिलांना घेऊन लाटेत शिरली. तिने एक मुडदुशी पकडली, वाळूत लपणारा तो चपळ, बारीक मासा. वाळूवर आणून ती पिलांना दाखवू लागली, "हे बघा, मानेशी असं धरायचं, आणि..."

"अहो बाई!"

मागे गवासाहेब उभे होते. त्यांच्या मागे सांबरबाई डोळ्यांवर खूर ठेवून उभ्या होत्या. अर्थात बोटभर फट ठेवून.

"मुलांसमोर?" गवासाहेब म्हणाले. "लेकरांच्या कोवळ्या मनावर काय परिणाम होईल, याचा काही विचार?"

कालिंदीने दचकून मुडदुशी तोंडात कोंबली. ती पटकन गिळावी की थुंकावी, हे तिला कळेना. शेवटी तिने ती गालात धरली.

"आम्हीसुद्धा धरतो हो मासे," सांबरबाई म्हणाल्या. "पण सोडून देतो. आमचं पाडस तर माशाला मामा म्हणतं."

"आमची... भूक लागते त्यांना," कालिंदी गालातल्या गालात म्हणाली.

"भूक काय, लावाल तशी लागते," सांबरबाई म्हणाल्या. "बाकी तुमचं तुम्ही बघा. आम्ही कोण सांगणारे?"

बाळांनो, 'आम्ही कोण सांगणारे' असं जे म्हणतात ना, ते सगळं सांगून झाल्यावर म्हणतात.

त्या रात्री कालिंदीला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी ती पिलांना घेऊन मंडळात गेली. तिथे तेव्हा एका माशाचं बारसं चाललं होतं.

हो, बारसं. मासा धरून नुसता सोडून देणं म्हणजे त्याला परक्यासारखं वागवणं, असं मंडळाला वाटे. म्हणून गळाला लागलेल्या प्रत्येक माशाचं आधी बारसं व्हायचं. मग सन्मानाने पाठवणी.

वाळूवर काठ्यांना करवंटीचा पाळणा टांगला होता. त्यात एक दांडगा रावस ठेवला होता, अर्धा आत आणि अर्धा बाहेर. त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं.

"काहीतरी म्हणतोय," ससेभाऊ म्हणाले.

"आभार मानतोय," गवासाहेब म्हणाले.

सांबरबाईंनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. एक माकड समोर बसून त्याचं चित्र काढत होतं. माकड मन लावून काम करणारं होतं. खवलान् खवला काढायचं. रावसाने शेपूट हलवली की म्हणायचं, "हलू नका हो! पुन्हा पहिल्यापासून काढावं लागतं."

मग पाळणा म्हणण्यात आला. तो सांबरबाईंनी स्वतः रचलेला होता, त्यामुळे कडवी गाळता येत नव्हती. मग नाव ठेवायची वेळ आली. नाव सांगायचं कानात. माशाचा कान कुठे असतो?

"कल्ल्यांपाशी," ससेभाऊ म्हणाले.

"छे, डोळ्यामागे," सांबरबाई म्हणाल्या.

"यासाठी एक समिती नेमू," गवासाहेब म्हणाले. समिती नेमली. समितीने एकमेकांचे कान तपासले. तोवर रावसाचं तोंड फारसं उघडेनासं झालं होतं.

"बघा, किती शांत झाला," सांबरबाई म्हणाल्या. शेवटी त्यांनी अंदाजाने एका बाजूला तोंड लावून "कुर्रर्र" केलं आणि 'मकरंद' असं नाव ठेवलं. बाकीच्यांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले. आनंदीआनंद झाला.

मग मकरंदला लाटेत सोडलं. मकरंद आडवा झाला. मग उताणा झाला. मग लाटेबरोबर डुलत डुलत कड्याच्या बाजूला निघून गेला.

"उताणा का पोहतोय?" थेंबीने विचारलं.

"आकाश बघतोय, बाळ," गवासाहेबांचे डोळे पाणावले. "आज त्याने पहिल्यांदा आकाश बघितलं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कालिंदीला वाटलं, हा मेला की! पण एवढे मोठे, शिंगंबिंगं असलेले लोक टाळ्या वाजवतायत. मग आपलंच काही चुकत असेल. तिनेही टाळ्या वाजवल्या.

त्याच दिवशी ठराव झाला, या किनाऱ्यावर मासा खायला बंदी. ठराव एकमताने झाला. कालिंदीनेही पंजा वर केला. पंजा वर करताना गालातली शिळी मुडदुशी तिने हळूच गिळली. वर्ज्य वस्तू आता तोंडात तरी नको!

पुढचे दिवस वाईट गेले. खेकडे शोधून शोधून कालिंदीची नखं झिजली. पिलांच्या बरगड्या दिसू लागल्या. "मुलं कशी सडपातळ दिसतात हो आता!" सांबरबाई कौतुकाने म्हणाल्या.

मग एका दुपारी खेकड्यांच्या मागे जात जात ती पिलांसह कड्याच्या पलीकडे गेली. आणि थबकली.

मंडळाच्या वाळूवरून लाट वळून इथे यायची. आणि येताना सगळं घेऊन यायची. वाळूवर मासे पडले होते. रावस, बोय, मुडदुशा, ओळीने, उताणे. कपाळावर अजून कुंकू होतं.

पिलांनी आईकडे बघितलं. आईने कड्याकडे बघितलं. कुणी नव्हतं.

"खा," कालिंदी म्हणाली. "पण मचमच आवाज नको."

"आई, हा कोण?" थेंबीने एकाच्या शेपटीला दात लावत विचारलं.

"हा... मकरंद असावा."

"छान आहे मकरंद," बुडबुड्या म्हणाला. "तो पलीकडचा?"

"ती बहुतेक शर्वरी. आधी हातातला संपव."

महिनाभरात पिलं गुबगुबीत झाली. मंडळाच्या नजरेत हे लगेच भरलं.

"आई शिकार करत नाही, तरी लेकरं बघा!" गवासाहेब सभेत म्हणाले. "प्रेमाने पोट भरतं, ते असं!"

कालिंदीला मंचावर बोलावून महिला शाखेची प्रमुख नेमलं. सांबरबाईंनी तिच्या गळ्यात शंखांची माळ घातली आणि हसत हसत जरा घट्टच बांधली.

कालिंदीला रडू आलं. आपण खोटं बोलतोय, असं तिला वाटलं. मग वाटलं, आपण कुठे काही बोललो? आणि मुलांची वजनं वाढतायत ना? आईला आणखी काय हवं? अशी ती स्वतःची समजूत घालायची. समजूत बहुतेक वेळा पटायची. जेवणाच्या वेळी तर हमखास.

पुढे पुढे ती सूचनाही करू लागली.

"सांबरबाई, पाळण्यात अजून दोन कडवी घातली तर? किती गोड लिहिता हो तुम्ही."

"तुम्हाला आवडतात? खरं सांगा हं."

"खरंच. आणि माकडदादा, तुम्ही घाई करता. डोळे नीट उतरत नाहीत माशाचे."

मग बारशी लांबली. काही दिवस तर कड्यापलीकडे इतके मासे येऊ लागले की पिलं नुसती पोटाची बाजू खायची आणि बाकीचं टाकून द्यायची.

अधूनमधून कालिंदी मध्यरात्री दचकून उठायची. पावसाळा जवळ येतोय. पिलांना पाण्यात काही येत नाही. मग पहाटे ती त्यांना लाटेपाशी न्यायची. एकदा ती म्हणाली, "बुडबुड्या, तो बघ मासा, चल त्याच्या मागे..." तेवढ्यात सांबरबाई फिरायला आल्या.

"शिकवताय काय हो?"

"पोहायला," कालिंदी घाईने म्हणाली. "नुसतं पोहायला. व्यायाम म्हणून."

"असं होय. मला उगीच वाटलं."

कालिंदी पिलांना घेऊन परत आली. उद्या शिकवू, असं म्हणाली. बुडबुड्यालाही ते पटलं. तिथे पाणी गार होतं आणि कड्यापलीकडे मासे आयते आडवे पडलेले असायचे. पळणाऱ्या माशाच्या मागे कोण जाणार?

मग एक दिवस गळाला काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी एक खेकडा लागला. खेकड्याचं बारसं करायला गेले, तेव्हा सांबरबाईंचं नाक त्याच्या नांगीत सापडलं. तिसऱ्या दिवशी काहीच नाही.

मंडळाची तातडीची सभा भरली.

"मासे कृतघ्न झाले," ससेभाऊ म्हणाले.

"नावं जुनी वाटत असतील त्यांना," सांबरबाई सुजलेल्या नाकातून म्हणाल्या.

गवासाहेब बराच वेळ रवंथ करत राहिले. मग उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"मित्रहो, आपल्या लक्षात येतंय का? मासे गळाला लागत नाहीत, याचा अर्थ काय? आता एकही मासा संकटात उरलेला नाही! आपण सगळे मासे वाचवले!"

मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. माकडाने गवासाहेबांचं चित्र काढलं. ते मात्र पटकन झालं, कारण गवासाहेब हलत नव्हते.

"आता थांबायचं नाही," गवासाहेब म्हणाले. "टेकडीवर फुलपाखरं आहेत. त्यांना कुणी कधी जवळ घेतलंय का? उद्यापासून लाटकाठ नाही, टेकडीमाथा!"

"पंखांना कुंकू लावता येईल," सांबरबाईंच्या डोळ्यांत स्वप्न तरळलं. "कालिंदीताई, तुम्ही येणार ना? तुमच्यासारखी प्रेमळ बाई आम्हाला हवीच."

कालिंदीने फुलपाखराचा विचार केला. एकाने पिलाचा दातसुद्धा भरणार नाही.

"मुलं लहान आहेत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वाळू रिकामी झाली. करवंटीचा पाळणा टेकडीवर गेला, फक्त जरा छोटा करून. आकाश भरून आलं. लाटा काळ्या पडल्या आणि उंच उठू लागल्या.

कड्यापलीकडे पिलं नेहमीसारखी पाण्याच्या कडेला बसली होती. दिवसभर बसली. लाटेबरोबर फेस आला, शेवाळ आलं. मासा आला नाही. दुसऱ्या दिवशी थेंबीने शेवाळ चावून पाहिलं. तिसऱ्या दिवशी तिने रडायचंही बंद केलं, आणि कालिंदी पूर्वीसारखी घाबरली. या वेळी भीती उगीच नव्हती.

ती पाण्यात उतरली. दिवसभर शोधलं. महिनोन्‌महिने बसून खाल्ल्याने तिलाही दम लागत होता. शेवटी संध्याकाळी तिला एक बोय दिसला. बोटभर. समुद्रात तो एकटाच वाचला असावा, इतका घाबरलेला. तिने त्याला हाकत हाकत, दमून, धापा टाकत उथळ पाण्यात आणलं. अगदी पिलांच्या पुढ्यात.

"धर!" ती ओरडली. "बुडबुड्या, धर त्याला! मानेशी धर! थेंबी, आडवी हो, वाट अडव!"

बोय उसळला. चांदीसारखा चमकला. एकदा डावीकडे गेला, एकदा उजवीकडे.

दोन्ही पिलं किंचाळत मागे पळाली.

"आई, तो हलतोय!" बुडबुड्या खडकामागून ओरडला.

"मासे हलतातच रे! अरे राजा, धर, जाईल तो!"

थेंबीने खडकाआडून मान बाहेर काढली. ती भुकेली होती, पण वळणाची होती. आईच्या तारांबळीचं तिला जरा वाईटच वाटलं.

"एवढी घाई काय आहे गं, आई?" ती समजावत म्हणाली. "तो आडवा होईपर्यंत थांबू या ना."

आणि तिने भावाला शेजारी बसवलं. दोघं शहाण्या मुलांसारखी हाताची घडी घालून बसली. त्यांच्यासमोर लाट आली आणि बोयला घेऊन गेली.

तात्पर्य, झोपण्याआधी मोठ्याने म्हणायचं: पोटासाठी मासा मारणं हे क्रौर्य आहे, त्याने चारचौघांत मान खाली जाते. मासा मारायचाच असेल, तर प्रेमाने मारावा. प्रेम करताना आपलं पोट आधी भरलेलं असावं, आणि किनारा संपला की जवळपास एखादी टेकडी असावी. फुलपाखरांनी मात्र हे वाचू नये. उगीच घाबरतील.