पुनर्विवाहापर्यंत

घटस्फोट मिळाला त्या दिवशी चष्मेवाला मोकळा झाला आणि पुढच्या एक तारखेपासून पुन्हा अडकला. पोटगी! दुकानाचं भाडं, पोटगी आणि मग उरलंच तर जेवण. वकील त्याचा मावसभाऊच होता, पण त्यालाही दया येईना.

"दादा, हे संपणार कधी?"

"निकालात शब्द आहे, पुनर्विवाह. तिचं दुसरं लग्न झालं की तू सुटलास. आधी नाही."

चष्मेवाल्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्याची आधीची बायको लोकांना गाडी चालवायला शिकवायची. म्हणजे रोज एक पुरुष तिच्या शेजारी तासभर बसणार! फक्त योग्य पुरुष बसवायचा. त्याने दुकानावर पाटी लावली : 'चष्मा घ्या, गाडी फुकट शिका. योजना फक्त एकट्या पुरुषांसाठी.'

"माझ्या नवऱ्याने काय घोडं मारलंय?" एका गिऱ्हाईक बाईंनी विचारलं.

"एकट्या माणसांची नजर जास्त कमजोर असते, ताई."

"लग्नाच्या वेळी ह्यांची कुठे धड होती?"

फी अर्थातच चष्मेवाला गुपचूप भरायचा. पहिला आला दातांचा डॉक्टर. तो आठवड्यात गाडी शिकला आणि आभार मानून पसार झाला. दुसऱ्याला शिकवणाऱ्या बाईंनी "क्लच म्हणजे पायपुसणं नव्हे" असं सुनावलं, तेव्हा तो भर चौकात रडला. तिसरा औषधवाला. तो मात्र परीक्षेत नापास झाला. पुन्हा झाला. मग परत झाला. प्रत्येक वेळी खुशीत!

चष्मेवाल्याने त्याच्या फीसाठी लग्नातली अंगठी सोडून सगळं विकायची तयारी केली. मग अंगठीही विकली. पोटगी आणि फी मिळून तो आता उपाशीच होता, पण आशेवर माणूस बराच टिकतो.

शेवटी एका दुपारी ती स्वतः दुकानात आली. छान हसत.

"अहो, आमचं ठरलं."

चष्मेवाल्याला हुंदकाच आला. "कधी?"

"या रविवारी. सामान हलवायचंय, टेम्पो मिळेल का तुमच्या ओळखीत?"

"टेम्पो? मी पाठीवरून नेतो. आणि मुहूर्त?"

"कसला मुहूर्त? आम्ही नुसते एकत्र राहणार. ते पहिल्या बायकोला पोटगी देतात ना, लग्न म्हटलं की त्यांना घाम फुटतो. आणि मी केलं तर माझी जाते. म्हटलं, राहू दे."

"पण... कधीतरी?"

"कशाला? तुम्ही आहात की."

ती गेल्यावर चष्मेवाल्याने स्वतःचा चष्मा काढला, नीट पुसला आणि पुन्हा घातला. सगळं अगदी स्वच्छ दिसायला लागलं. म्हणून त्याने तो परत काढून ठेवला.