समजेचा शेला आणि सरलष्करांचे खोगीर

श्रीगजवदनास नमन, वाग्देवीस नमन, आणि ज्याच्या पाठीवर बसून राज्ये येतात नि जातात त्या मुक्या घोड्यासही नमन असो. शके सोळाशे आणि वर काही, संवत्सराचे नाव लिहिणाराचे ध्यानी राहिले नाही, परंतु माघमास होता आणि हरभरा घाट्यांनी लवला होता हे पक्के, कारण सर्व प्रकरण त्या हरभऱ्यापासूनच उद्भवले. ते काळी एक राज्य होते, त्याचे नाव घेण्याची आज्ञा नाही, तेथे राणीसाहेब गादीवर बसून रयतेचा सांभाळ करीत होत्या, आणि त्यांचे फौजेत गोमाजी टेकवडे म्हणोन एक बारगीर होता, म्हणजे घोडा सरकारचा आणि मांड मात्र त्याची. घोडीचे नाव चिमणी. तिची आई लढाईत पडली तेव्हा ही शिंगरू होती, मग गोमाजीने तिजला शेळीचे दूध पाजून वाढविली, आणि आपण कोरडी भाकर खावी नि गुळाचा खडा तिजला चारावा, ऐसा त्याचा लोभ. बायको म्हणे, "सवत आनलीसा ती आनलीसा, अन् चार पायांची!" गोमाजी हसे आणि आणखी एक खडा चारी.

तो मोहिमेहून फौज माघारी फिरली आणि राजधानीलगत एका गावी मुक्काम जाहला. फौजेचे मुख्य सरलष्कर अंबरराव, मोठे शूर, मिशी कानापर्यंत, अंगी जखमा उदंड आणि जखमांहून गोष्टी उदंड. त्यांनी भागू म्हणोन एका कुणबी बाईचा हिरवागार हरभरा पाहिला आणि मर्जीस आले की आज हुळा खावा. मग कुंपण मोडून घोड्यासह आत शिरले, गवत पेटवून घाटे भाजले, आणि खासा हुळा खात असता घोडा उभे पीक खाऊ लागला. गोमाजीने हे कुंपणाबाहेरून पाहिले आणि मनी विचार केला की ज्या वाटेने धनी गेला ती वाट हुकमाचीच असणार, आणि लगाम सैल सोडिला. चिमणीस काय, तिने त्याच भगदाडातून आत जाऊन गुळाची आठवणही ठेविली नाही. मग भागू धावत आली, पाहते तो निम्मे शेत भुईसपाट, मग तिने पदर खोचला आणि तडक राजधानीची वाट धरिली.

दुसरे दिवशी दरबार भरला आणि भागूने गाऱ्हाणे घातले. कारभारी यांनी कायदा वाचिला, तो ऐसा की, रयतेचे पीक तुडविले तर बारगिराने आपले खोगीर आपले पाठीवर घेऊन छावणीस फेरी घालावी, आणि त्याचा घोडा काढून घेऊन त्यास पायदळात लोटावे. आणि हेच सरदाराने केले तर त्यास समज द्यावी. हा कायदा फार वर्षांमागे खुद्द अंबररावांनीच बांधिला होता आणि तेव्हा सर्वांनी वाहवा केली होती. त्याप्रमाणे प्रथम सरलष्करांस बोलाविले, गालिचा अंथरला, गुलाबपाणी शिंपडले, विडा दिला, खांद्यावर जरीकाठी शेला घातला, आणि कारभारी हळूच बोलिले, "सरलष्करांनी समज घ्यावी." अंबरराव बोलिले, "घेतली." झाले, शिक्षा संपली. मग मिशीस पीळ देत हसत हसत बाजूस बसले. गोमाजी दाराशी उभा राहून हे सर्व डोळे फाडून पाहात होता.

मग गोमाजीस पुकारले आणि हुकूम ऐकविला की, खोगीर वाहावे, आणि चिमणी घोडी आज सांजेस पागेत जमा करावी. खोगीर वाहणे त्याने मनातल्या मनात कबूल केले होते, पण चिमणीचे नाव ऐकताच तो दोन पावले पुढे धावला. आपल्यावाचून ती दाणा खाईल कैसी, नवा स्वार तोंडाला हिसडे देईल, ऐसे मनात येऊन भर दरबारी तो ओरडला, "सरकार, मलाबी समजच द्या! जरीची नसली तरी चालंल. सुताडी द्या, इटकी द्या, कंच्याबी रंगाची द्या, पर घोडी नगा घिऊ!" हे ऐकून सारा दरबार हास्यात बुडाला, कारभाऱ्यांची पगडी सरकली, अंबररावांस तर विड्याचा ठसका लागला. एकट्या राणीसाहेब हसल्या नाहीत.

राणीसाहेब बोलिल्या, "बारगीर, समज म्हणजे काय, असे तुला वाटते?" गोमाजी म्हणाला, "त्यो शेला न्हवं का, बाईसाहेब? धन्यांनी घेतला त्यो." पुन्हा हशा उसळला. मग राणीसाहेबांनी हात वर केला आणि मान फिरवून विचारिले, "सरलष्कर, हा अडाणी आहे. आपणच सांगावे. मघाशी आपण समज घेतली ती काय होती?" अंबरराव उत्तर द्यावयास उठले, छातीवर हात ठेविला तो हाती शेलाच आला. मनुष्य गर्विष्ठ होता पण लबाड नव्हता. खाली पाहून बोलिले, "शेलाच होता, राणीसाहेब. दुसरे काही पदरी पडले नाही." राणीसाहेब बोलिल्या, "तर मग बारगीर चुकला नाही, आम्हीच आजवर चुकलो. ज्यास समज थोडी त्यास खोगीर, आणि ज्यास उदंड त्यास आणखी समज, हे म्हणजे भरल्या रांजणात घागर रिती करणे." तो भागूस राहवेना, ती मधेच बोलली, "माझ्या हरभऱ्याला काय ठावं, बाईसाहेब, खानारं घोडं बारगिराचं का सरदाराचं? जबडा दोघांचा सारखाच की!" राणीसाहेबांनी मान डोलविली आणि आज्ञा केली की, कायदा दोघांस एकच, दोघांनी आपापली खोगिरे वाहावी आणि दोघांचीही जनावरे सांजेस पागेत जमा व्हावी.

अंबररावांनी खोगिराचे ऐकून घेतले, पण घोड्याचे ऐकताच त्यांचे मुख पांढरे पडले. तो घोडा त्यांचा जीव, नाव शहाणा, त्याने त्यांस तीन वेळा वेढ्यातून बाहेर काढिले होते. बोलिले, "राणीसाहेब, हवे तर मस्तक घ्यावे, घोडा नको." आणि गोमाजीही त्याच दमात बोलिला, "मान घ्या, घोडी नगा घिऊ!" दोघांनी एकमेकांकडे पाहिले. तेव्हा राणीसाहेब प्रथमच हसल्या आणि बोलिल्या, "सरलष्कर, आपण हे कलम बांधिले तेव्हा हे दुःख ठाऊक होते काय?" अंबरराव बोलिले, "नव्हते. ठाऊक असते तर हात धजला नसता. पुष्कळांची घोडी नेली मी." त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी ते लपविले नाहीत. मग राणीसाहेबांनी ते कलम तेथेच रद्द केले, ज्यांची घोडी नेली त्यांची त्यांस परत करविली, आणि खोगिराचे तेवढे कायम ठेविले.

मग दोघे खोगिरे घेऊन निघाले आणि छावणी पाहावयास लोटली. गोमाजीचे खोगीर साध्या नमद्याचे, म्हणजे दाबल्या लोकरीचे, त्याने ते पाठीवर टाकिले आणि चालू लागला. अंबररावांचे मखमली, त्यास रुप्याच्या कड्या, रुप्याच्या रिकिबी, रुप्याची कमळे. त्यांनी ते आजवर हाताने उचलिले नव्हते, कारण ते काम घोड्याची चाकरी करणाऱ्या मोतद्दाराचे. ते कमरेत वाकले, पागोटे कपाळावर आले, आणि तोंडावाटे प्रत्येक कमळाच्या नावे एकेक शिवी निघाली. गोमाजीस दया येऊन तो म्हणाला, "धनी, बदली करू का? माझं हलकं हाय." अंबरराव धापा टाकीत बोलिले, "नको रे बाबा. आज इतक्या वर्षांनी खरी समज येत आहे, मधे खोडा घालू नकोस." आणि दोघे हसले, आणि फेरी पुरी जाहली. मग दोघांनी भागूचे कुंपण बाभळीच्या फांट्या घालून नीट केले, आणि सरलष्करांनी आपले कोठीतून तिच्या घरी वर्षाचे धान्य धाडिले. भागू दोघांस पाणी देऊन म्हणाली, "मागितलं असतं तर मीच हुळा भाजून दिला असता की. तुमा लोकांस्नी मागाया येत न्हाई, तेवढंच." मग दोघांनी तिजपाशी आणखी पाणी मागून घेतले.

सांजेस गोमाजी चिमणीपाशी गेला तो ती गुळासाठी त्याचे खिसे हुंगू लागली. दसऱ्यास अंबररावांनी तो जरीकाठी शेला आणून आपले हाताने चिमणीच्या पाठीवर घातला आणि म्हणाले, "घे, तुझ्या धन्याने मागितलेली समज." गोमाजीची बायको महिनाभर रुसली. आणि राज्यात एक नवल वर्तले. पुढे कोणा सरदारावर कधी पाळी येईल याचा नेम नाही, म्हणोन साऱ्या सरदारांनी आपापल्या खोगिरांवरची रुप्याची कमळे, कड्या, घुंगरू गुपचूप उतरविली, सोनारांच्या आळीत ठोकाठोक चालली, आणि कोणी विचारिले तर म्हणावे, हल्ली साधेपणाची आवड जाहली आहे. एवंच न्याय समान जाहला, तेणेकरून कायदा सौम्य जाहला, रयतेची पिके उभी राहिली. आणि सरदारांस आपल्या पाठीचा विचार पडला, त्यात घोड्यांच्या पाठीचे ओझे उतरले.