ठोंबरेसरांचा आजचा शब्द

ठोंबरेसर तुमच्याशी बोलायच्या आधी तुमच्या मागे कोण आहे ते बघायचे. मग दाराबाहेर डोकं काढून व्हरांड्याची दोन्ही टोकं न्याहाळायचे, खिडकी लोटून घ्यायचे आणि कानाशी येऊन एकच शब्द पुटपुटायचे.

"पिठलं."

हा त्या दिवशीचा पासवर्ड.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. जव्हारच्या आमच्या कॉलेजात तेव्हा ज्याचं त्याचं वायफाय होतं. ज्या विभागाला जमलं त्याने आपला डबा आणून बसवला. वनस्पतिशास्त्राचा डबा ठोंबरेसरांचा. मी ग्रंथपाल, माझं ग्रंथालय त्यांच्या भिंतीला लागून, म्हणजे माझं नशीब त्यांच्या हातात. बाकीच्या विभागांचा पासवर्ड डबा आला त्या दिवशीचाच असायचा. ठोंबरेसर रोज बदलायचे. फोनवर सांगणार नाहीत, लिहून देणार नाहीत. "मॅडम, कागद फुटतो." त्यांच्या विभागात जायचं, बसायचं, त्यांनी हीटरवर केलेला गवती चहाची पात घातलेला चहा प्यायचा, मग शब्द. इतिहासवाले, मराठीवाले, ऑफिसातले हिशेबनीस गावितभाऊ, सगळे सकाळी तिथे ताटकळत. कुणी चुळबुळ केली की सर म्हणायचे, "घाई करणाऱ्याचा मला संशय येतो."

संशय त्यांना कशाचाही यायचा. नेट संथ झालं की डोळे बारीक करून विचारणार, "पलीकडे कोण बसलंय?" वीज गेली तर तीही पलीकडच्यानेच घालवलेली. "अहो सर, अख्ख्या जव्हारची गेलीय," मी म्हटलं. "तेच तर! एकट्याची घालवली असती तर लगेच कळलं नसतं का?" आता काय बोलणार, कपाळ?

एकदा गावितभाऊंनी सरांना बाजारात वांगी घेताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी सहज म्हणून 'वांगी' टाकलं, आणि काय सांगू, नेट सुरू! सर रात्री जे जेवायचे तोच सकाळचा पासवर्ड. चहाला न येताच सगळ्यांचं नेट चालू दिसलं, तेव्हा "फुटला!" म्हणून सरांनी थयथयाट केला आणि संशय घेतला माझ्यावर. आम्ही गुपित फोडलं नाही. पण रोज त्यांच्या पिशवीत कोण डोकावणार? चहाला जावंच लागायचं. रात्री काय जेवला हे ज्याचं सगळ्या कॉलेजला ठाऊक, तो माणूस आम्हाला गुप्ततेचे धडे द्यायचा! बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी नाशिकला सासरी, भाऊ खोडाळ्याला शेतावर. त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी पिठलंच असायचं.

मग प्राचार्यांनी बैठक घेतली. विभागांचे सुटे डबे बंद, उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळ्या कॉलेजचं एकच वायफाय होणार, कारभार ऑफिसातून. प्रत्येकाला आपलं नाव, आपला पासवर्ड, कायमचा.

ठोंबरेसर ताडकन उठले. "पलीकडे कोण बसणार?"

"सर, कोणी नाही. यंत्र असतं."

"आणि यंत्राच्या पलीकडे?"

प्राचार्यांनी घड्याळ बघितलं. सरांनी त्याच दिवशी आपला डबा वाळवलेल्या वनस्पतींच्या कपाटात ठेवून पितळी कुलूप ठोकलं. मग कुजबुज सुरू झाली. काहीतरी भानगड असणार, नाहीतर कोणी एवढं भांडतं का? खरं सांगते, मलाही शंका आली. मी तोंडावरच विचारलं, "सर, असं काय दडवलंय हो त्या डब्यात?"

ते माझ्या हातातल्या कपाकडे बघत म्हणाले, "मॅडम, सगळ्यांना सगळं आपापल्या खोलीत मिळायला लागलं, तर..." आणि वाक्य अर्धवट टाकून दार तपासायला गेले.

सुट्टीत ऑफिसवाल्यांनी कुलूप काढून डबा नेलाच. जूनमध्ये कॉलेज उघडलं, तर जो तो आपल्या खोलीत खुशाल नेट लावून बसलेला. मी व्हरांड्यातून जाताना सरांच्या विभागात डोकावले. हीटरवर चहाचं पातेलं, धुतलेले कप टेबलावर रांगेत पालथे, आणि सर दाराकडे तोंड करून बसलेले. आम्ही त्या डब्यात भानगड शोधत होतो, आणि माणसाला हवी होती सकाळची चार माणसं.

संध्याकाळी सासूबाईंनी केलेली, पहिल्या पावसात रानात उगवणाऱ्या शेवळांची भाजी डब्यातून त्यांच्या घरी नेऊन दिली. सरांनी झाकण उघडून वास घेतला. "आंबट काकडं घातलीत ना? नाहीतर घसा खाजेल. नक्की कोणी केली?"

"सासूबाईंनी. विष नाही घातलेलं. गपचूप खा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या विभागात जाऊन बसले. "सर, माझं नेट चालत नाही. आजचा शब्द काय?"

माझं नेट उत्तम चालत होतं. सरांनी डोळे बारीक केले. "तुम्हाला कोणी पाठवलं?"

"कोणी नाही. मीच आले."

त्यांनी कपाटाकडे बघितलं. तिथे नुसती वायर लोंबत होती. ती मलाही दिसत होती, त्यांनाही. मग ते सावकाश उठले. दाराबाहेर डोकं काढून व्हरांड्याची दोन्ही टोकं न्याहाळली, खिडकी लोटली आणि माझ्या कानाशी वाकले.

"शेवळं," म्हणाले. आणि एक कप सुलटा करून त्यात चहा ओतला.

मी अजिबात घाई केली नाही.