एवारिस्तोमागची माणसं

एवारिस्तो सेमेरिया शुक्रवारी सकाळी कॉफीचा कप हातात धरूनच वारला, आणि दुपारपर्यंत त्याच्या बायकोला, ओर्तेन्सियाला, खरी चिंता लागली. नवरा गेल्याची नव्हे. तो ब्याऐंशी वर्षांचा होता, कधीतरी जाणारच होता. चिंता होती, त्याच्या मागून चालणार कोण याची.

आमच्या या किनाऱ्यावर माणूस कसा होता हे कुणी विचारत नाही. त्याच्या अंत्ययात्रेला किती माणसं होती, एवढंच विचारतात. वसंतात जेरोलामो गिल्योनेच्या थोरल्या भावाला दोनशे बारा होती. जेरोलामोने ती स्वतः मोजली होती. तेव्हापासून त्याने हा आकडा न्हाव्याला, बोच्चेचे गोळे टाकायच्या मैदानावर सगळ्यांना आणि एकदा तर पापांची कबुली देता देता फादर प्लाचिदोंनाही ऐकवला होता.

एवारिस्तोला मात्र दहा जमले तरी खूप. तो जुना रेल्वे फाटकवाला. वीस वर्षांपूर्वी रूळ डोंगराआड नेले आणि समुद्रालगतच्या मोकळ्या पट्टीवर फक्त सायकलींचा रस्ता केला. मोटारींना बंदी, दोन्ही तोंडांना लोखंडी खांब. जगभरचे लोक तिथे सायकली हाणायला येऊ लागले आणि गाव खूश झालं. जो जो खूश झाला, त्याच्याशी एवारिस्तोने बोलणं टाकलं. शेवटी बोलायला बायकोच उरली. तिनेही एकदा "रस्ता छान झालाय हं" म्हटलं, तेव्हा तो अकरा दिवस गप्प होता.

मृत्यूच्या चाळीस सूचना भिंतींवर लागल्या. लोकांनी त्या उभं राहून वाचल्या, "बिचारा" म्हणाले आणि जेवायला घरी गेले.

त्यात दफनभूमी डोंगराच्या नाकाडापलीकडे. तिकडे जाणारा मोटाररस्ता गेल्याच आठवड्यातल्या वादळात दरडीखाली गेला होता. उरला सायकलींचा रस्ता आणि त्यातला दीड किलोमीटरचा रेल्वेचा जुना बोगदा. ओर्तेन्सिया नगरपालिकेचा शिपाई एर्मेते याच्याकडे गेली.

"एर्मेते, खांब काढ. शववाहिनी न्यायचीय."

"शववाहिनी मोटार आहे, बाई. मोटारीसाठी खांब काढायचे तर अर्ज लागतो. तीस दिवस आधी."

"म्हणजे एवारिस्तोने मरायच्या तीस दिवस आधी अर्ज द्यायचा?"

"नियमात मरणाबिरणाचं काही नाही. 'कार्यक्रमाच्या तीस दिवस आधी' असं आहे."

"त्याला उद्या दुपारच्या आत न्यायला हवं रे. ऑगस्ट आहे!"

"माझी सहानुभूती आहे," एर्मेते म्हणाला. "पण ती खांबाच्या अलीकडेच."

खांद्यावर न्यावं, तर खांदा द्यायला चौघेच कबूल झाले. चौघांची वयं मिळून तीनशे नऊ. त्यांच्यात पोलादी खुबे दोन आणि हृदयाला यंत्र लावलेला एक. त्यांनी तालीम म्हणून रिकामी पेटी उचलली, चर्चच्या पायरीपर्यंत नेली आणि तिच्यावरच बसले.

तेव्हा फादर प्लाचिदोंना तेक्लाची आठवण झाली. तेक्ला खांबांपाशी सायकली भाड्याने देते. तिच्याकडे सहकुटुंब फिरणाऱ्यांसाठी एक चारचाकी रिक्षा आहे. चौघांनी पायडल मारायचं, वर लाल-पिवळ्या पट्ट्यांचं छत, छताच्या झालरीवर आइस्क्रीमची जाहिरात.

"किती जण?" तेक्लाने वहीतून मान वर न करता विचारलं.

"चार बसून, एक झोपून," ओर्तेन्सिया म्हणाली.

तेक्लाने मान वर केली. मग खांबाशी उभ्या एर्मेतेकडे बघितलं. एर्मेतेने खिशातून नियमांचं पुस्तक काढलं.

"इंजिन नाही. पायडल आहे. चालेल," तो म्हणाला. "बोगद्यात दिवा लावायचा आणि कुणी कुणाला मागे टाकायचं नाही."

"आणि झोपलेल्याला हेल्मेट?"

एर्मेतेने दोन पानं उलटली. "सक्ती चौदा वर्षांखालीच."

शनिवारी दहा वाजता यात्रा निघाली. पेटी रिक्षात मधोमध आडवी. तिचं पुढचं टोक लहान मुलांच्या बाकावर टेकवून पट्ट्याने बांधलेलं. सुकाणूवर काळ्या पोशाखातली ओर्तेन्सिया, शेजारी झगा गुडघ्यापर्यंत खोचलेले फादर, मागच्या बाकावर खांदेकऱ्यांतले त्यातल्या त्यात तरुण दोघे. एर्मेते सायकलवर पुढे. मागे पायी चालायला नऊ माणसं. त्यातली दोन सूचना चिकटवणारी होती, आणि एक गृहस्थ नुसते दूध आणायला निघाले होते.

"नऊ," ओर्तेन्सिया मागे वळून म्हणाली. "जेरोलामो पलीकडच्या फाटकाशी कागद घेऊन बसला असेल. नऊ! मी त्याला तोंड कसं दाखवू, फादर?"

"देव संख्या बघत नाही, बाई."

"देव नाही बघत. जेरोलामो बघतो."

बोगद्यात रिक्षा चालण्याच्याच वेगाने सरकत होती. शंभर पावलांवर मागून पहिली घंटा वाजली. डच निवृत्तांचा एक सायकल क्लब आला होता, चौसष्ट जण, सगळे नारिंगी सदऱ्यांत. त्यांना पुढे जायचं होतं. पण पुढे जायची बंदी, आणि डच माणूस बंदी पाळतो. मग त्यांनी घंटा वाजवल्या. त्यांच्या मागे जर्मन अडकले, त्यांनीही वाजवल्या. त्यांच्या मागे कोण होतं ते दिसत नव्हतं. ऐकू मात्र येत होतं.

"फादर! घंटा!"

"वाट मागतायत ते."

"वाट कसली? मान देतायत," ओर्तेन्सिया म्हणाली आणि ताठ बसली. "आमच्या लग्नातसुद्धा एवढ्या वाजल्या नव्हत्या."

फादरांनी संतांची नामावळी सुरू केली. पायडल मारता मारता त्यांना धाप लागत होती, त्यामुळे दर नावानंतर थांबावं लागे, आणि दर थांब्याला मागून दोन-तीनशे घंटा खणखणत. अर्ध्या वाटेवर सर्वांत पुढच्या डच गृहस्थाच्या दिव्याचा झोत पेटीवर पडला. त्याने हेल्मेट काढून छातीशी धरलं आणि तो खाली उतरला. त्याच्या मागचा उतरला. मग त्याच्या मागचा. शेवटच्यांना कारण ठाऊक नव्हतं. पण परक्या मुलुखात माणूस पुढचा करील ते करतो.

दफनभूमीच्या फाटकाशी जेरोलामो खरंच कागद घेऊन बसला होता. बोगद्यातून आधी लाल-पिवळं छत बाहेर आलं, मग नऊ माणसं आली. त्याने नऊ लिहून समाधानाने खाली रेघ ओढली. तेवढ्यात नारिंगी रंग दिसू लागला.

"सायकलवाले धरत नाहीत!" तो ओरडला.

"का नाही?" एर्मेते म्हणाला. "सायकल हातात धरून चाललेला माणूस पादचारी. नियम सातवा."

"ही दोघांची एक सायकल! हे एक की दोन?"

"डोकी मोज की. चाकं कशाला मोजतोस?"

"आणि मागच्या गाडीतलं पोर? ते तर झोपलंय."

"झोपलेले धरायचे नाहीत, तर तुझ्या भावाच्या वेळचे अर्धे कमी कर," ओर्तेन्सिया म्हणाली. "फादरांचं प्रवचन चालू होतं तेव्हा."

दोनशे आठवर जेरोलामोचं पेन संपलं. निदान तो तसं म्हणाला. ओर्तेन्सियाने पिशवीतून पेन्सिल काढून त्याच्या हातावर ठेवली.

"घे. अजून बोगद्यातून येतायत."

पाहुण्यांना वाटलं, फाटक हा मार्गावरचा ठरलेला थांबा असावा. ते शिस्तीत रांगेने आले. प्रत्येकाने ओर्तेन्सियाचा हात हातात घेतला आणि फादरांपुढे थांब्याच्या शिक्क्यासाठी आपली प्रवासवही उघडली. दोन-तीन वह्यांवर फादरांनी नुसता क्रूस केला. मग एर्मेतेला पिटाळून चर्चचा शिक्का आणवला. जेरोलामोने शेवटी बेरीज केली, तेव्हा एर्मेतेने ती मोठ्याने वाचली: तीनशे सव्वीस.

तेव्हा ओर्तेन्सिया पहिल्यांदा रडली.

"त्याने हे बघायला हवं होतं," ती डोळे पुसत म्हणाली. "एकेकाला हाकलून दिलं असतं."

ऑक्टोबरात दरड उपसून झाली. मोटाररस्ता सुरू झाला आणि शववाहिनीही पुन्हा धावू लागली. तेक्ला हंगाम संपल्याने दुकानाला कुलूप लावत होती, तेव्हा जेरोलामो टोपी हातात घेऊन आला.

"ती छताची रिक्षा," तो इकडेतिकडे बघत म्हणाला. "आधी सांगून ठेवता येते का?"

"येते. तारीख?"

"तारीख कशी सांगू? शनिवार धर. सकाळी दहाचा. ऑगस्ट बरा."

"रस्ता मोकळा झालाय की आता, जेरोलामो. आणि तब्येत कशी आहे? डॉक्टर म्हणे काही वेगळंच सांगत होते."

"जानेवारी म्हणतोय तो." जेरोलामोने त्रासून हात झटकला. "जानेवारीत कुत्रं तरी असतं का त्या बोगद्यात? मी सिगार सोडलीय. रात्रीची वाइनसुद्धा. सकाळी दोन किलोमीटर चालतो. तू नाव लिहून ठेव."

तेक्लाने कुलूप काढलं, वही उघडली आणि ऑगस्टचं पान त्याच्यापुढे धरलं. पहिल्या शनिवारी औषधवाल्याचं नाव होतं, दुसऱ्या शनिवारी न्हाव्याच्या आईचं. तिसऱ्या शनिवारी फादर प्लाचिदोंचं.

"शेवटचा मोकळा आहे," ती म्हणाली.

त्या हिवाळ्यात आमच्या गावात एकही माणूस मेला नाही.